मुलांचे संग्रह आणि शिक्षक : खेळाडूंच्या चित्रकार्डांच्या निमित्ताने

मुलाचे दप्तर तपासण्याचा प्रसंग प्राथमिक शिक्षकावर केव्हा ना केव्हा येतोच. कोणाची तरी हरवलेली पेन्सिल शोधण्यासाठी दप्तर उपडे करावे आणि त्यातून पेन्सिलीखेरीज सर्व काही बाहेर पडावे, हा नेहमीचा अनुभव आहे. चार-दोन गोट्या, चिंचोके, फुटक्या बांगड्यांच्या काचा, वहीत जपलेले मोरपीस, जाळी पडलेले पिंपळाचे पान, काडेपेटीवरील छाप आणि रबराने आवळून बांधलेला क्रिकेटपटूंच्या चित्रांचा एखादा गठ्ठा. शिक्षकाच्या दृष्टीने हा केरकचरा असतो. मुलाच्या दृष्टीने ती त्याची मिळकत असते. खेड्यातील मुलाच्या अंगावरचा सदरा बहुधा थोरल्या भावाचा असतो, पुस्तके शाळेची असतात आणि पाटी पुढच्या वर्षी धाकट्या बहिणीकडे जावयाची असते. केवळ त्याने मिळविलेली, त्याने निवडलेली आणि त्याच्याच ताब्यात असलेली अशी वस्तू म्हणजे तो गठ्ठा.

या प्रवृत्तीकडे शिक्षणशास्त्राचे लक्ष फार पूर्वीच गेले होते. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतातील बाराशेहून अधिक शाळकरी मुलांची पाहणी करून कॅरोलाइन बर्क या विदुषींनी 1900 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. दहांपैकी सुमारे नऊ मुले काही ना काही जमवीत असल्याचे त्यांना आढळले, आणि या हौसेचा भर साधारणतः आठ ते अकरा या वयात दिसला. हे वय म्हणजे आपल्याकडील तिसरी ते पाचवीचे वय होय. पुढील संशोधकांना हे प्रमाण इतके मोठे आढळले नाही हे खरे. परंतु या वयातील मूल जमवू लागते, लावू लागते आणि मोजू लागते, हे चौथीच्या वर्गावर एक वर्ष काढलेल्या कोणत्याही शिक्षकास निराळे सांगावयास नको.

मुलांच्या नाना संग्रहांपैकी खेळाडूंच्या चित्रकार्डांचा इतिहास विशेष तपशिलाने उपलब्ध आहे, म्हणून येथे त्याचा विचार केला आहे. हा इतिहास आरंभापासूनच काहीसा विचित्र आहे. मुलांच्या या आवडत्या वस्तूचा जन्म मुलांसाठी झालाच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सिगारेटी पातळ कागदी पाकिटांतून विकल्या जात. पाकीट दबून सिगारेटी मोडू नयेत म्हणून आत एक जाड कागदाचा तुकडा घालीत. कोरा तुकडा घालण्यापेक्षा त्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुन्हा तेच पाकीट घेईल, ही व्यापाऱ्याची युक्ती. अ‍ॅलन अँड गिंटर या कंपनीने 1887 मध्ये जगज्जेत्या खेळाडूंची पन्नास चित्रे काढली. त्यांत बेसबॉल या अमेरिकेतील लोकप्रिय चेंडूफळीच्या खेळातील खेळाडू होते, तसेच नावाडी, मुष्टियोद्धे, नेमबाज आणि कुस्तीगीरही होते. इंग्लंडात विल्स कंपनीने 1896 मध्ये पन्नास क्रिकेटपटूंची मालिका काढली. त्या काळी इंग्लंडच्या संघातून खेळणाऱ्या रणजितसिंहजींचे चित्रही अशा कार्डांवर छापले गेले.

पाकिटे मोठी माणसे विकत घेत. कार्डे मुले मागून घेत. तंबाखूच्या दुकानाबाहेर उभे राहून, येणाऱ्या-जाणाऱ्या गृहस्थाकडे ‘तेवढे चित्र द्या’ अशी विनवणी करणे हा तेथील शाळकरी मुलांचा नित्याचा उद्योग होऊन बसला. चित्राच्या पाठीमागे चार-सहा ओळींची माहिती असे. पक्षी, जहाजे, निरनिराळ्या देशांचे ध्वज, राजे, खेळाडू अशा नाना विषयांच्या मालिका निघाल्या. ज्या घरात पुस्तक विकत घेण्याची ऐपत नव्हती, तेथील मुलांच्या हाती या मार्गाने एक तुटकमुटक ज्ञानकोशच आला. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई पडली आणि 1940 मध्ये इंग्लंडातील सिगारेटच्या पाकिटांतून ही कार्डे नाहीशी झाली. तंबाखूचे हे व्यसन मुलांच्या हौसेच्या पाठीवर बसून घरात शिरत होते, ही गोष्ट मात्र शिक्षकाने विसरता कामा नये. मुलाच्या छंदाला गळ लावण्याची ही रीत आजही सुरू आहे. वस्तू तेवढी बदलते.

अमेरिकेत सिगारेटची जागा पुढे गोळ्या-मिठाईने आणि मग बबलगमने घेतली. टॉप्स या कंपनीने 1952 मध्ये बेसबॉलपटूंची 407 कार्डांची मालिका काढली. तिच्या पाठीमागे खेळाडूची गेल्या हंगामाची आणि एकूण कारकिर्दीची आकडेवारी दिलेली असे. दोन खेळाडूंत श्रेष्ठ कोण, या वादाचा निकाल मुले आता सरासरी काढून लावू लागली. दशांश अपूर्णांकाची उदाहरणे वर्गात ज्यांना डोईजड होत, त्यांना हीच उदाहरणे अंगणातील भांडणात जड वाटत नसत. मुले कार्डांवरून पैजा लावीत, भिंतीवर ती उडवून जिंकीत-हरत, सायकलच्या चाकाच्या तारांत अडकवून त्यांचा फडफडाट करीत. कोपरे झिजत, रंग उडत. त्या मालिकेतील शेवटची कार्डे बाजारात आली तेव्हा बेसबॉलचा हंगाम सरत आला होता आणि मुलांचे लक्ष फुटबॉलकडे गेले होते. माल पडून राहिला. कंपनीतील साय बर्जर हे गृहस्थ सांगत की, 1960 मध्ये तो पडीक माल पडावात भरून अटलांटिक समुद्रात बुडविण्यात आला.

त्याच शेवटच्या भागात मिकी मँटल नावाच्या तरुण खेळाडूचे कार्ड होते. त्याची एक उत्तम स्थितीतील प्रत ऑगस्ट 2022 मध्ये लिलावात 1 कोटी 26 लाख डॉलरांस विकली गेली. खेळासंबंधीच्या कोणत्याही वस्तूला त्यापूर्वी एवढी किंमत आली नव्हती. त्याच महिन्यात होनस वॅग्नर या जुन्या खेळाडूचे 1909 ते 1911 या काळातील सिगारेट-कार्ड 72 लाख 50 हजार डॉलरांस गेले. वॅग्नरने आपले चित्र छापण्यास हरकत घेतली, म्हणून ते लवकर थांबविण्यात आले. आपल्या चित्राच्या लोभाने मुलांनी सिगारेटी घ्याव्यात हे त्याला रुचले नाही असे काही जण म्हणतात. मोबदला मिळाला नाही म्हणून तो रुसला असे इतर म्हणतात. कारण काहीही असो, त्या कार्डाच्या आज शंभराहूनही कमी प्रती ज्ञात आहेत.

या किमतींचे आकडे वाचून मन चक्रावते, आणि त्यामुळेच मूळ गोष्ट नजरेआड होण्याचा संभव आहे. ही कार्डे दुर्मीळ झाली याचे मुख्य कारण हे की, मुलांनी ती मुलांसारखी वापरली आणि त्यांच्या आयांनी ती आयांसारखी टाकून दिली. मुलगा सैन्यात किंवा कॉलेजात गेला, घर आवरताना कार्डांनी भरलेले बुटाचे खोके बाहेर गेले. ‘आईने माझा संग्रह फेकला’ हे त्या पिढीतील अमेरिकन पुरुषांचे जणू ठरलेले गाऱ्हाणे झाले. चाळिशी-पन्नाशीला पोचलेले हे पुरुष 1970 नंतरच्या काळात पैसे खर्चून तीच कार्डे पुन्हा शोधू लागले. त्यांना कागदाचा तुकडा हवा होता असे म्हणवत नाही. दहाव्या वर्षी तो तुकडा हातात धरून ओसरीवर बसलेला जो मुलगा होता, त्याची भेट त्यांना हवी होती.

पुढे गंमत अशी झाली की, जुन्या कार्डांच्या किमती पाहून 1980 नंतरच्या दशकात लोकांनी नवी कार्डे गुंतवणूक म्हणून घेण्याचा सपाटा लावला. कंपन्यांनीही अमाप छपाई केली. कार्डे खोक्यांतून न काढता, न हाताळता, मुलांच्या हाती न लागू देता जपून ठेवण्यात आली. प्रत्येकानेच जपल्यामुळे त्यांतील बहुतेकांना आज काडीचीही किंमत उरलेली नाही. आणि त्या खोक्यांशी कोणाची आठवणही फारशी जोडलेली नाही, कारण त्यांच्याशी कोणी खेळलेच नाही.

संग्रहाचा खरा अर्थ समजून घ्यावयाचा असेल तर लिलावगृहाकडे न पाहता जेफरसन बर्डिक या माणसाकडे पाहावे. न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज शहरी विजेच्या साहित्याच्या कारखान्यात जोडणीचे काम करणारा हा अविवाहित कामगार. लहानपणी सिगारेटच्या पाकिटांतील कार्डे जमवू लागला आणि ती सवय त्याने सोडली नाही. पगार बेताचा आणि शरीर संधिवाताने जखडत चाललेले. व्यापाऱ्याने फुकट वाटलेला, लोकांनी फेकून दिलेला हा कागद म्हणजे आपल्या समाजाच्या राहणीचा दस्तऐवज आहे, अशी त्याची श्रद्धा होती. परंतु हजारो कार्डे समोर पसरली म्हणजे जो प्रश्न मुलाला पडतो तोच त्यालाही पडला : ही लावावयाची कशी?

खेळानुसार लावावी, तर पक्ष्यांचे काय करावे? कंपनीनुसार लावावी, तर कित्येक कार्डांवर कंपनीचे नावच नाही. बर्डिकने कार्ड कशाबरोबर मिळाले आणि कोणत्या काळात मिळाले, या दोन गोष्टी आधारभूत धरल्या. एकोणिसाव्या शतकातील तंबाखूची कार्डे एका अक्षराखाली, विसाव्या शतकातील दुसऱ्या अक्षराखाली, मिठाईबरोबरची तिसऱ्याखाली अशी वर्गवारी केली आणि प्रत्येक मालिकेस क्रमांक दिला. त्याची पहिली नोंदसूची 1939 मध्ये निघाली. वॅग्नरचे ते प्रसिद्ध कार्ड ज्या मालिकेतील आहे तिला जगभरचे संग्राहक ‘टी-206’ म्हणतात. ते नाव कंपनीचे नव्हे, या कामगाराने दिलेले आहे. पुढे त्याने आपला संग्रह न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयास देऊ केला. संग्रहालयाने मान्यता दिली, पण नोंदणी आणि मांडणी त्यानेच करावी असे ठरले. 1947 पासून तो हे काम करीत राहिला. बोटे वाकडी झाली होती. तरी एकेक कार्ड उचलून त्याने ते वहीच्या पानांवर चिकटविले. एकूण वस्तू तीन लाखांहून अधिक, त्यांत बेसबॉलची कार्डे तीस हजारांवर. जानेवारी 1963 मध्ये काम संपले आणि मार्चमध्ये त्याचे निधन झाले. (त्याने कार्डे चिकटविली म्हणून आजचे संग्राहक हळहळतात, कारण चिकटविलेल्या कार्डाची बाजारात किंमत घटते. बर्डिकला ती विकावयाचीच नव्हती.)

बर्डिकने जे आयुष्यभर केले तेच चौथीतील मूल बाकाखाली करीत असते. आज सारी कार्डे संघांप्रमाणे लावते, उद्या तीच मोडून फलंदाज निराळे आणि गोलंदाज निराळे काढते. एकच वस्तू दोन गटांत बसू शकते हे त्यास कळते. अष्टपैलू खेळाडूचे करावयाचे काय, या अडचणीत ते सापडते आणि त्यासाठी तिसरा ढीग करते. वर्गीकरणाचा हा पाठ त्यास कोणी दिलेला नसतो. एखादे कार्ड दोनदा आले की ‘डबल’ म्हणून ते बदलीस निघते आणि मग कोणाच्या बदल्यात कोण, किती दिल्यावर किती मिळाले, हा व्यवहार सुरू होतो. येथे मूल देवघेव शिकते, फसते, एकदा फसल्यावर सावध होते आणि दिलेला शब्द पाळावा लागतो हेही शिकते.

आपल्याकडे या छंदाची परंपरा बहुतांशी पदरमोड न करता चालणारी होती. वर्तमानपत्रातील खेळाडूंची छायाचित्रे कापून, खळीने किंवा डिंकाने जुन्या वहीत चिकटवावयाची, खाली रेडिओवर ऐकलेली धावसंख्या लिहावयाची, अशा वह्या अनेक घरांच्या माळ्यांवर आजही सापडतील. पुढे संदीप पाटील यांच्या संपादकत्वाखालील ‘एकच षट्कार’सारख्या नियतकालिकांतील रंगीत चित्रे भिंतींवर लागली. 1980 नंतरच्या दशकाच्या अखेरीस ‘बिग फन’ नावाच्या बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची लहान चित्रे मिळू लागली. त्यांवर धावा किंवा बळी यांचे आकडे छापलेले असत आणि ठराविक संख्या जमविली की बक्षीस मिळे. मुलांनी गम किती खाल्ला हा प्रश्न गौण. चित्रांसाठी शाळाशाळांतून झुंबड उडाली. पुण्यात तर क्रिकेटच्या बॅटी, पोशाख, स्वाक्षऱ्या यांचे ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ नावाचे संग्रहालयच 2012 मध्ये उभे राहिले.

त्याच बबलगमच्या काळात एका द्विशिक्षकी शाळेत घडलेली हकीकत सांगण्याजोगी आहे. चौथीतील एक मुलगा अंकगणितात कच्चा म्हणून गणला जाई. हातच्याची बेरीज आली की तो थांबे. आईवडील दरवर्षी ऊसतोडीस जात. गम विकत घेण्यास त्याच्याजवळ पैसे नसत; बाजाराच्या दिवशी दुकानासमोर इतरांनी टाकलेली चित्रे वेचून त्याने गठ्ठा केला होता. एकदा धडा चालू असताना तो बाकाखाली चित्रे लावीत असल्याचे गुरुजींनी पाहिले आणि गठ्ठा जप्त केला. “गुरुजी, सांच्याला देता का?” असे त्याने विचारले. “सहामाही परीक्षा होऊ दे, मग बघू,” असे उत्तर मिळाले. त्यात अन्याय काही झाला असे कोणीही म्हणणार नाही. वर्गाची शिस्त राखावीच लागते. पण परीक्षेपूर्वीच दसरा आला, टोळीच्या गाड्या हलल्या आणि मुलगा आईवडिलांबरोबर गेला. पुढच्या वर्षी ते कुटुंब गावी परतले नाही.

गठ्ठा कपाटात मागे पडला. निवृत्तीच्या वेळी कपाटाचा ताबा देताना तो गुरुजींच्या हाती आला. रबर कुजून तुटले होते. आत चित्रांबरोबर वहीतून फाडलेला, चार घड्या घातलेला एक कागद निघाला. त्यावर मुलाने प्रत्येक खेळाडूचे नाव लिहून त्याच्यापुढे धावा मांडल्या होत्या, दर दहा ओळींनंतर बेरीज घेतली होती, आणि शेवटी सर्व बेरजांची बेरीज केली होती. हातचे वर बारीक अक्षरात लिहिलेले होते. एका ठिकाणी चूक झाली होती. ती खोडून दुरुस्त केली होती. सर्वांत खाली रेघ मारून लिहिले होते : ‘अजून 14’.

गुरुजींनी तो कागद पडताळून पाहिला. बेरीज बरोबर होती. प्रगतिपुस्तकात ज्या मुलापुढे त्यांनी ‘हातचा समजत नाही’ असा शेरा लिहिला होता, त्याच मुलाची ती बेरीज होती.

मग शिक्षकाने करावे काय? सर्वप्रथम, आपल्या वर्गात कोण काय जमवितो हे त्यास माहीत असावे. ही माहिती जप्तीने मिळत नाही, मधल्या सुट्टीत शेजारी बसून मिळते. महिन्यातून एखाद्या शनिवारी मुलांनी आपापले संग्रह आणून मांडावेत आणि पाहणाऱ्याला समजावून सांगावेत, अशी योजना सहज करता येते. एरवी चार वाक्ये न बोलणारे मूल आपल्या संग्रहाविषयी अस्खलित बोलते, हा अनुभव पुष्कळांना येईल. ‘अशा रीतीने का लावलेस?’ हा एक प्रश्न विचारावा. उत्तर बहुधा अनपेक्षित असते, आणि मुलाची विचार करण्याची रीत कळण्यास ते घटक चाचणीपेक्षा अधिक उपयोगी पडते.

येथे एक धोका आहे आणि तो उत्साही शिक्षकांकडूनच अधिक संभवतो. मुलांना कार्डे आवडतात असे दिसताच ‘प्रत्येकाने पन्नास चित्रांची चिकटवही करून सोमवारी आणावी’ असा गृहपाठ दिला जातो. त्या क्षणी संग्रह संपतो. मग वडील बाजारातून छापील चित्रांचा तक्ता आणतात, आई कापते, ताई चिकटविते आणि मुलाला गुण मिळतात. संग्रहाला गुण देऊ नयेत, क्रमांक काढू नयेत आणि कोणाचा मोठा व कोणाचा लहान अशी तुलना तर मुळीच करू नये. दहा वेचलेल्या चिंचोक्यांचा संग्रह आणि दोनशे विकत घेतलेल्या कार्डांचा संग्रह यांपैकी विचार कोठे अधिक झाला आहे, हे संख्येवरून ठरत नाही. गरीब मुलाने विकतच्या वस्तूंच्या मागे लागू नये यासाठी पैशांवाचून मिळणाऱ्या वस्तूंस शाळेत प्रतिष्ठा द्यावी. बियाणे, दगड, पाने आहेतच. खेळांचीच आवड असेल तर गावच्या जत्रेतील कुस्त्यांची जाहिरातपत्रे, कबड्डी-खोखोच्या सामन्यांची हस्तपत्रके, जुन्या मल्लांची घरोघरची छायाचित्रे पाहून केलेल्या नोंदी, असा संग्रह कोणत्याही गावी होऊ शकतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 मध्ये हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले. असे नाव प्रत्येक गावास लाभत नाही, परंतु ज्याने कधीकाळी फड गाजविला असा एखादा म्हातारा पारावर बसलेला सापडतोच.

पैज लावून कार्डे जिंकण्याचा खेळ वर्गाबाहेरही वाढू देऊ नये. त्यातून रडारड, मारामारी आणि क्वचित चोरी उद्भवते. बदली करावयाची ती दोघांच्या संमतीने आणि एक रात्र मध्ये जाऊ देऊन, असा नियम मुलांनीच करावा. सिगारेट-गुटख्याची रिकामी पाकिटे जमविण्यास मात्र स्पष्ट मनाई करावी आणि तिचे कारणही सांगावे.

कागदी संग्रह टिकविण्यासाठी चित्रे शक्यतो चिकटवू नयेत. जाड कागदास चार तिरप्या खाचा पाडून कोपरे त्यांत अडकवावेत. रबराने बांधू नये, कारण उन्हाळ्यात ते वितळून कागदास चिकटते. सुती दोरा वापरावा. कसर लागू नये म्हणून डब्यात वाळलेला कडुनिंबाचा पाला घालावा आणि पावसाळ्यानंतर एकदा सावलीत हवा द्यावी.

तासाच्या वेळी बाहेर निघालेली वस्तू काढून घेणे शिक्षकास भागच असते. ती घेताना पाकिटावर मुलाचे नाव व तारीख लिहावी, आणि शाळा सुटताना ती त्याच दिवशी परत द्यावी. ज्या गावांतून कुटुंबे ऊसतोडीस किंवा वीटभट्टीवर जातात, तेथील शिक्षकांनी दसऱ्याच्या आठ दिवस आधी आपले कपाट एकदा पाहून घ्यावे.